बाबांना कळेपर्यंत

त्या उन्हाळ्यात वारा असा काही सुटला की तुतीचा पाला तोडून शेडपर्यंत आणेस्तोवर त्यानं मान टाकलेली असायची. ओल्या गोणपाटात गुंडाळला तरी तेच. रेशमाच्या अळ्यांना सुकलेला पाला चालत नाही. त्या तोंड फिरवतात, आणि त्यांनी तोंड फिरवलं की आमच्या घरातल्या माणसांच्या तोंडचं पाणी पळतं. शेडच्या चारी बाजूंना ओली पोती टांगायची, वाळली की परत भिजवायची, खाली जमिनीवर पाणी मारायचं, आणि मधल्या वेळात पाला. माझे हात कोपरापर्यंत हिरवे झाले होते आणि साबणानंही जात नव्हते.

घरात आम्ही चौघं. सासरे, त्यांना मीही बाबाच म्हणते. माझा नवरा. मी. आणि नवऱ्याची धाकटी बहीण, बारकी. नावाला बारकी, उंचीनं मात्र सगळ्यांच्या वर. रॅकच्या वरच्या कप्प्यात पाला तीच टाकते, तिला स्टूल लागत नाही. ती लहान असतानाच सासूबाई गेल्या. बाबांनीच तिच्या वेण्या घातल्या, बाबांनीच तिला शाळेत सोडलं. त्यामुळं त्या बापलेकीचं एक वेगळंच गूळपीठ आहे, त्यात मला प्रवेश नाही आणि तिच्या दादाला तर नाहीच नाही.

बारकी विद्यापीठात शिकते. म्हणजे विद्यापीठ तिकडं कुठंतरी लांब, आणि बारकी इकडं शेडमागच्या पाण्याच्या टाकीला पाठ लावून, कारण रेंज तिथंच येते. व्याख्यानं मोबाइलवर, चाचण्या मोबाइलवर, बाईंचं तोंडसुद्धा मोबाइलवर. हजेरी घ्यायला कुणी नाही, कान पिळायला कुणी नाही. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी म्हटलं, अशी मजा आमच्या वेळी असती तर मीही शिकले असते. आता नाही म्हणत तसं.

मागच्या सत्रात तिची दांडी गुल झाली होती. कानात ती बारीक बोंडं घालून पाला तोडता तोडता ती व्याख्यानं ऐकायची. एकही चुकवलं नाही. व्याख्यान संपलं की त्याच्यापुढची पट्टी हिरवी व्हायची, ती मला दाखवायची आणि म्हणायची, "बघ वहिनी, हेही झालं." मला वाटायचं, पोरगी एका दगडात दोन पक्षी मारतेय. संख्याशास्त्राच्या परीक्षेला बसली तर तिला मॅडमचा आवाज आठवे, त्या कुठं खोकल्या तेही आठवे, पण गणित काही आठवेना. नापास झाली. वर विद्यापीठाचा निरोप आला, हाच विषय पुन्हा राहिला तर नाव कमी होईल.

नाव कमी झालं की शिक्षण संपलं. तिच्या दादानं समजूत घातली, "जाऊ दे गं, आपला धंदा काय वाईट आहे?" ती म्हणाली, "दादा, मी जन्मभर पाला तोडीन. पण दुसरं काही आलं नाही म्हणून नाही तोडणार."

या सत्रात तिनं आपली आपल्याला शिस्त लावली. पाला तोडताना कानात काही घालायचं नाही. दुपारचा पाला देऊन झाला की टाकीपाशी बसायचं, व्याख्यान थोडं ऐकायचं, बंद करायचं, आणि जे ऐकलं ते तोंडानं सांगून बघायचं. सांगता आलं नाही तर हिरवी पट्टी खोटी. परत मागं जायचं. पण भिंतीला सांगताना माणूस स्वतःलाच सूट देतं, हे तिला चार दिवसांत कळलं. "समोर जिवंत माणूस पाहिजे," ती म्हणाली. दादाला विचारलं तर तो पाल्याचा भारा उचलून चालायला लागला. मी म्हटलं, माझं डोकं आधीच भाजीसारखं शिजलंय. राहिले बाबा.

बाबा दुपारी ठेंगण्या स्टुलावर बसून आजारी अळ्या निवडतात. मलूल झालेली, रंग बदललेली अळी चिमट्यानं उचलायची आणि चुन्याच्या डब्यात टाकायची, नाहीतर सगळा कप्पा जातो. त्यांचा उजवा हात थरथरतो, म्हणून चिमटा डाव्या हातात. शाळा त्यांनी लवकरच सोडली होती. बारकी त्यांच्यापुढं उभी राहायची आणि सुरू करायची, सरासरी म्हणजे काय, नमुना म्हणजे काय. शेवटी विचारायची, "कळलं, बाबा?"

"परत सांग," बाबा म्हणायचे.

ती परत सांगायची. कधी पाल्याचे देठ मांडून, कधी चुन्याच्या बोटानं जमिनीवर रेघा ओढून. मग कधीतरी बाबा मान हलवायचे. "आत्ता कळलं." तिनं नियमच केला होता, बाबांना कळेपर्यंत पुढं जायचं नाही. पहिले काही आठवडे हे असं छान चाललं. छोट्या चाचण्यांत तिला चांगले गुण पडले, आणि ती गुणगुणत पाला टाकायला लागली. मला बरं वाटायचं ते ऐकून.

मग हा वारा सुटला. जवळच्या रानातली तुती पिवळी पडली आणि ओढ्यापलीकडच्या तुकड्यातून पाला आणावा लागायला लागला. बारकी आणि तिचा दादा उजाडायच्या आत जायचे, डोक्यावर ओले भारे घेऊन यायचे, परत संध्याकाळी जायचे. तिचे ओठ फुटले. टाकीला टेकली की डोळे मिटायचे. तरी दुपारी बाबांपुढं उभी राहायचीच, भिंतीला हात लावून. आणि बाबा पूर्वीसारखं "परत सांग" म्हणेनासे झाले. एकदा सांगितलं की लगेच म्हणायचे, "कळलं. अगदी छान कळलं. पड आता जरा." मला वाटलं, म्हातारा तयार झाला.

मधली चाचणी झाली. अळ्यांची ती बॅच कोष देऊन गेली होती, नवी यायची होती, त्यामुळं शेड धुवायचं काम चाललं होतं. बारकी टाकीमागून आली ती मोबाइल हातात धरून तशीच उभी राहिली. निम्मेसुद्धा गुण नव्हते. तिचं तोंड एवढंसं झालं होतं.

"असं कसं?" ती म्हणाली. "बाबांना कळलं होतं. बाबांना कळलं तर मला का नाही आलं?"

बाबा रॅकचे दांडे पुसत होते. ते पुसतच राहिले.

"बाबा, चौथ्या आठवड्याचं तुम्ही सांगा बरं मला. नमुन्याची सरासरी. सांगा ना."

बाबांनी फडकं पिळलं. पिळून झालेलं परत पिळलं. "मला कुठलं सांगता येतंय, पोरी," ते म्हणाले. "मला काही कळलंच नव्हतं ते."

"मग कळलं का म्हणालात?"

"तुझे पाय लटपटत होते. मी परत सांग म्हटलं असतं तर तू परत उभी राहिली असतीस. तेवढीच झोप होईल म्हटलं."

मला वाटलं ती ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती खालच्या आवाजात म्हणाली, "माझ्याकडं दुसरं काही नव्हतं, बाबा. मला येतं की नाही हे बघायला फक्त तुम्ही होतात." आणि घरात गेली. बाबा परत रॅकचे दांडे पुसायला लागले. त्यांची चूक होती, पण मला त्यांचा राग येईना. माझ्या बापानं असं केलं असतं तर मी त्याच्या गळ्यात पडले असते. पण मला काही विद्यापीठात नाव टिकवायचं नव्हतं.

दोन दिवस बापलेकीत अबोला. ताटं समोरासमोर, नजर मात्र ताटात. तिसऱ्या दिवशी नव्या अळ्या आल्या, पाला पडला, आणि दुपारी बाबा स्वतःच आपलं स्टूल उचलून टाकीपाशी जाऊन बसले.

"चौथ्या आठवड्यापासून सांग," ते म्हणाले.

ती वर बघेना. "राहू दे बाबा. तुम्ही दमाल."

"दमू दे. आता खोटं कळलं म्हणणार नाही. तुझी आण."

तिनं सांगायला सुरुवात केली, जरा घुश्शातच. शेडभर अळ्या आहेत. सगळ्यांचं वजन करणं होत नाही. मग मूठभर घ्यायच्या, त्यांची सरासरी काढायची, त्यावरून सगळ्यांचा अंदाज बांधायचा. "कळलं?"

"एवढं कळलं. पुढं?"

"पुढं, दुसऱ्याच मुठीची सरासरी वेगळी येते. तिसरीची आणखी वेगळी. म्हणून त्याचं एक सूत्र असतं." तिनं सूत्र घडाघडा म्हणून दाखवलं.

"नाही कळलं."

परत सांगितलं. "नाही कळलं." परत. "नाही गं." तिचा आवाज चढला, "तुम्ही आता मुद्दाम करताय." बाबा कळवळून म्हणाले, "मुद्दाम नाही करत. मला एवढंच सांग, दर मुठीला वेगळी येते तर त्यातली खरी कुठली धरायची?"

बारकी टाकीच्या कट्ट्यावर बसली. "मला नाही माहीत," ती म्हणाली. "मला सूत्र पाठ आहे, बाबा. ते कशासाठी आहे ते मला नाही माहीत."

मी पोती भिजवता भिजवता ऐकत होते. मला भीती वाटली, आता हिची उरलीसुरली उमेद जाते. पण तिचा चेहरा उलट मोकळा झालेला दिसला. अडलंय कुठं ते सापडलं होतं, एवढं मला दिसलं.

"मॅडमना विचार की," मी म्हटलं.

तिनं माझ्याकडं असं बघितलं की जसं काही मी तिला विहिरीत उडी मारायला सांगितलं. तिचंही खरं होतं. दर आठवड्याला मॅडम शंका विचारायचा तास घेतात, सगळे मोबाइलवर एकत्र असतात. सत्राच्या सुरुवातीला बारकीनं एकदा धीर करून माइक सुरू केला होता. नेमकं त्याच वेळी आमच्या ह्यांनी शेडच्या दारातून हाळी दिली, "अगं, सगळ्या मेल्या का गं?" त्यांना आजारी अळ्यांचं विचारायचं होतं. पलीकडं चिडीचूप. मग मॅडमनी काळजीनं विचारलं, "घरी काही झालंय का? तुम्ही तास सोडलात तरी चालेल." त्यानंतर कुणीतरी हसलं, मग बरेच जण हसले, आणि आमच्या बारकीनं माइक बंद केला तो केलाच. त्या तासाला ती बसायची, पण मुकी.

"मी नाही विचारणार," ती म्हणाली.

"नको विचारूस," बाबा म्हणाले. "पण मग मलाही कळणार नाही."

त्या आठवड्याच्या तासाला ह्यांनी आपण होऊन घर सोडलं. "मी ओढ्यापलीकडं जातो, तास संपेपर्यंत येत नाही," म्हणाले, आणि भर उन्हात विळा घेऊन गेले. बाबा टाकीच्या आडोशाला बसले, मॅडमना दिसणार नाहीत असे. मी शेडच्या दारात. बारकीनं ओढणीनं तोंड पुसलं, परत पुसलं. तिचा अंगठा त्या माइकच्या खुणेवर जायचा आणि मागं यायचा.

शेवटी तिनं दाबलं. "मॅडम."

"बोला. तिकडं पाऊस पडतोय का? आवाज येतोय."

"नाही मॅडम. अळ्या पाला खातायत. रेशमाच्या." कुणीतरी हसल्याचं ऐकू आलं. बारकीची कानशिलं लाल झाली, पण अंगठा हलला नाही. "मॅडम, मला चौथ्या आठवड्यापासून कळलेलं नाही. मला वाटत होतं कळलंय. सूत्र येतं. पण दर नमुन्याची सरासरी वेगळी येते, तर त्यातली खरी कुठली?"

मॅडमनी सांगितलं. चांगलं पाच-सात मिनिटं सांगितलं, मोठमोठे शब्द घालून. मग विचारलं, "कळलं?"

बारकीनं आडोशाकडं बघितलं. बाबा काही खुणावत नव्हते, नुसते बसले होते. ती म्हणाली, "नाही कळलं, मॅडम. परत सांगाल?"

तेवढ्यात तिच्या मोबाइलवर खालच्या बाजूला अक्षरं उमटायला लागली. कुणीतरी लिहिलं होतं, मलाही नाही कळलं. खाली आणखी एक, मलाही. मग एकामागून एक, मलाही, मलाही. त्यांत मघाशी हसणाराही असणार. बारकी ते वाचत राहिली. इतके दिवस तिला वाटत होतं, पट्ट्या हिरव्या करून सगळे पुढं निघून गेले आणि आपणच तेवढे मागं राहिलो.

मॅडम म्हणाल्या, "बरं झालं विचारलंत. मला वाटत होतं सगळ्यांना येतंय." आणि या खेपेला त्यांनी अळ्यांचंच धरून सांगितलं. खरी कुठलीच मूठ नसते. पण सगळ्या मुठी खऱ्याच्या आसपास पडतात, आणि आसपास म्हणजे किती लांबपर्यंत, हे त्या सूत्रातून कळतं. अंदाज किती चुकेल याचाही अंदाज बांधता येतो, एवढीच गोष्ट.

तास संपल्यावर बारकी आडोशाला गेली आणि तिनं तेच बाबांना आपल्या शब्दांत सांगितलं. बाबांनी तीनदा परत सांगायला लावलं. मग म्हणाले, "म्हणजे मी चुकणार हे धरूनच चालायचं, पण किती चुकणार ते आधी सांगून ठेवायचं."

"हो," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "हो बाबा. हेच."

तिथून पुढं घोडं चाललं. दर दुपारी स्टूल, टाकी आणि "नाही कळलं." कधी चिडायची, कधी दोघं हसायची. वर्गातली एकदोन मुलं तिला आपल्या शंका पाठवायला लागली, त्याही ती बाबांवर आधी वाजवून बघायची. वारा काही पडला नाही, पाला ओढ्यापलीकडूनच येत होता, पण पोरगी तगली. शेवटची परीक्षा जवळ आली, आणि आमच्या हिशोबानं अळ्या पिकायला त्यानंतर अजून थोडा अवकाश होता.

हिशोब आमचा. उन्हाला काय त्याचं? उष्म्यानं अळ्या लवकर पिकल्या. परीक्षेच्या सकाळी मी शेडात गेले तर पाल्याला कुणी तोंड लावेना. अंग पिवळसर, आरपार दिसणारं, डोकी वर करून हलवत होत्या. अळी पिकली की तिला ताबडतोब उचलून चंद्रिकेवर ठेवावं लागतं. चंद्रिका म्हणजे कोष विणायची जाळी. उशीर झाला तर ती तिथंच घाणीत, पाल्यात रेशीम सोडून मोकळी होते, आणि तो डागी कोष कुणी घेत नाही. सगळ्या एकदम पिकल्या होत्या. अख्खी शेड.

परीक्षा अकराला सुरू होणार होती. मध्ये उठता येत नाही, उठलं की पेपर बंद. त्या दिवशीच द्यायची, दुसरी तारीख नाही.

आम्ही चौघांनी उजाडल्यापासून हात चालवले. ताटात अळ्या गोळा करायच्या, चंद्रिकेवर पसरायच्या, परत ताट. कुणी बोलत नव्हतं. बारकीचे हात आमच्या दुप्पट वेगानं चालत होते. अकरा वाजायला आले तेव्हा वरचे कप्पे झाले होते, खालचे सगळे तसेच होते. तिनं हातातलं ताट खाली ठेवलं आणि बाबांसमोर जाऊन उभी राहिली.

"बाबा, तुम्हा तिघांना उरकेल का?"

ह्यांनी तोंड उघडलं होतं. मीही म्हणणारच होते, उरकेल गं, तू जा. असंच म्हणतात. घरातलं माणूस परीक्षेला निघालं की त्याच्या मागं कुणी काळजी लावून देत नाही.

बाबांनी खालच्या कप्प्यांकडं नीट बघितलं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघितलं.

"नाही उरकणार," ते म्हणाले. "खालचे दोन कप्पे हातचे जातील. तिसराही थोडा जाईल."

बारकी हलली नाही. मला वाटलं, संपलं. आता ही बसते खाली आणि अळ्या उचलायला लागते.

"तू जा," बाबा म्हणाले.

तिनं त्यांच्याकडं बघितलं. त्यांच्या तोंडावर काही झाकलेलं नव्हतं. मग तिनं हात धुतले, मोबाइल घेतला आणि टाकीमागं गेली.

बाबा म्हणाले होते तसंच झालं. आम्ही तिघं जिवाच्या आकांतानं लागलो तरी सगळ्यात खालच्या दोन कप्प्यांत अळ्यांनी पाल्यातच धागा सोडायला घेतला. ह्यांचा पाय त्या कप्प्यांपाशी अडखळला तेव्हा ते खाली बघून न बघितल्यासारखं करून पुढच्या कप्प्याला गेले. मला रडू येत होतं. महिनाभराची उस्तवार होती ती. पण एकदाही मला वाटलं नाही की तिला हाक मारावी.

ती आली तेव्हा ऊन उतरणीला लागलं होतं. येऊन सरळ खालच्या कप्प्यांपाशी उकिडवी बसली आणि त्या मळक्या, वेड्यावाकड्या धाग्यांवरून तिनं हात फिरवला. कुणी तिला म्हणालं नाही की असू दे, काही नुकसान नाही झालं. तीही माझ्यामुळं झालं असं म्हणाली नाही. उठली आणि बाबांच्या शेजारी जाऊन ताट उचललं.

"शेवटचे दोन प्रश्न नाही आले," ती म्हणाली. "आणि एक अंदाजानं लिहिला. बाकीचे सगळे मला येत होते, बाबा. पास होईन मी."

"नक्की?"

"नक्की."

बाबांनी चिमटीतली अळी चंद्रिकेवर ठेवली. मग त्यांचा हात इतका थरथरायला लागला की पुढची अळी उचलता येईना. बारकीनं तो हात आपल्या हातात धरून ठेवला, आणि दुसऱ्या हातानं त्यांच्या ताटातल्या अळ्या एक एक उचलून जाळीवर ठेवत राहिली.